डबडी, पिशवी आणि विभूती

पाण्याचा पेला ओठांना लावला की पंचाक्षरी सर तोंड फिरवत. त्यांची बायको नेत्रावती पुन्हा लावी, ते डाव्या हाताने पेला बाजूला सारत, आणि थोड्या वेळाने अंथरूण ओलं होई. पेल्यातल्या पाण्याने नव्हे. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्यांदा असं झालं, तेव्हा चादरीचा बोळा हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला मटकन बसली.

"पानी मागताव, आनलं की पीत न्हाईत. आन् ज्याच्यासाठी मला बोलवायचं, त्याला बोलवत न्हाईत. कामून छळायलाव मला?"

सरांना काही म्हणता येत नव्हतं. ते नुसते भिंतीकडे बघत राहिले आणि नेत्रावतीला आपल्याच आवाजाची लाज वाटली.

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरात पंचाक्षरी सरांना न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, त्यांनी वीसेक वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. पोरं यायची ती आसपासच्या खेड्यांतून, जीपला लटकून. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि इंग्रजीचं नाव काढलं की तोंड एवढंसं. सरांनी त्यांच्यापुढे इंग्रजी ठेवलंच नाही. पडद्यावरच्या चित्रांना त्यांनी घरगुती नावं देऊन टाकली. फाइली ठेवायची ती पिवळी पिशवी. नको ते टाकायची ती डबडी. दाते असलेलं ते चाक, शोधायचं ते भिंग. आणि कोपऱ्यात एकाखाली एक तीन आडव्या रेघा असतात, ज्यांच्यावर दाबलं की कामांची यादी उघडते, ती विभूती. कपाळावर भस्माच्या तीन रेघा जन्मापासून बघितलेल्या माणसाला दुसरं नाव सुचलंच नसतं. मग घर लिंगायताचं असो, मुसलमानाचं असो, की गळ्यात धम्मचक्राचं लॉकेट घालून येणारा बुद्धरत्न असो, सगळे बिनदिक्कत ओरडायचे, "सर, विभूतीवर दाबायलोय, उघडंनाच की!"

नेत्रावतीला हे सगळं ऐकून ऐकून पाठ होतं, कारण क्लास आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता एक पडदा होता. कडगंचीजवळच्या खेड्यातून दहावी होऊन ती या घरात आली. पडद्याच्या अलीकडे तिने पोरांसाठी चहाची पातेलीच्या पातेली उकळली, पण माउसला कधी बोट लावलं नाही. सर एकदा म्हणाले होते, "तूबी बस की." ती म्हणाली, "आन् भाकरी कोन थापंल, तुमचा माउस?" ते हसले आणि विषय तिथेच संपला. सगळं गाव त्यांना सर म्हणतं याचं तिला हसू यायचं. लुंगी गुंडाळून शेंगा सोलत बसणारा माणूस कसला सर!

मग लकवा आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. वीस वर्षं दुसऱ्यांना नावं शिकवणाऱ्या माणसाला पाणी म्हणता येईना, की बायकोला हाक मारता येईना. त्यांच्या तोंडून "ब्बा, ब्बा" एवढंच निघायचं आणि ते स्वतःच दचकायचे.

सुटका झाली ती चुकून. करमणूक म्हणून नेत्रावतीने त्यांचा पलंग पुढच्या खोलीत नेला आणि शेजारच्या टेबलावर क्लासमधला शेवटचा कॉम्प्युटर चालू करून दिला. सरांनी डाव्या हाताने माउस धरला. बाण थरथरत गेला आणि डबडीवर थांबला. तिथेच गोल गोल फिरू लागला. नेत्रावती थोडा वेळ बघत राहिली आणि मग एकदम उठून संडासाचं भांडं घेऊन आली. सरांच्या तोंडावर तेव्हा जे हसू आलं, ते आजारपणानंतरचं पहिलं हसू.

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं कॉम्प्युटरच्या पडद्यावरूनच व्हायला लागलं. पिशवी म्हणजे भूक. भिंग म्हणजे चष्मा. चाक म्हणजे पाय चोळून दे. डबडी म्हणजे डबडी. नेत्रावतीला त्या चित्रांचा कॉम्प्युटरमधला उपयोग आजही माहीत नव्हता. तिला फक्त त्यांचे चेहरे माहीत होते.

आणि विभूती म्हणजे, ये, बस. दिवेलागणीला बाण विभूतीवर गेला की ती हात धुऊन यायची. सरांना उशीला टेकवून बसवायची, त्यांच्या डाव्या तळहातावर पूजेचं इष्टलिंग ठेवायची. लिंग धरायचं ते डाव्याच हातावर, तेवढं नशीब. उजव्या हाताने करायचं ते ती करायची. पाणी घालायची, पान वाहायची, त्यांच्या कपाळावर तीन बोटं ओढायची. मग थोडा वेळ दोघं तशीच बसायची. पहाटे उठून ती हुमनाबादच्या ढाब्यांसाठी कडक ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, वाळवायची, गठ्ठे बांधून बसवर चढवायची. पुढे दिवसभर धुणं, औषधं, हे, ते. जीव मेटाकुटीला यायचा. दिवसात ती बसायची ती तेवढीच.

हे असं बरं चाललं होतं. तेवढ्यात सरांचा भाचा मंजुनाथ हैदराबादहून भेटायला आला. पोरगा मायाळू, पण हात स्वस्थ ठेवायची सवय नाही. "मामा, ही जुनी सिस्टिम आता बंद होनार. नवी टाकून देतो," म्हणाला, आणि संध्याकाळच्या गाडीला जायच्या आत टाकूनही गेला. मामाच्या मायेपोटीच केलं बिचाऱ्याने. पण त्याने मामाच्या तोंडातली जीभ बदलली हे त्याच्या गावीही नव्हतं.

नव्या सिस्टिममध्ये सगळी चित्रं बदलली होती. चित्रं काढणाऱ्याला कुणी रंग नीट दिले नसावेत, अशी ती फिकट, चपटी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. पिशवी निळसर चौकोनी झाली होती, तिला नेत्रावती उशी समजली. सरांना भूक लागली की ती त्यांच्या मानेखाली आणखी एक उशी सारायची. डबडी काचेची केली होती, आरपार दिसणारी. ती तिला पाण्याचा पेला वाटली. पुढचं अंथरुणाचं काय झालं ते वर सांगितलंच.

विभूती तर पुसूनच टाकली होती. त्या कोपऱ्यात आता एकाखाली एक तीन ठिपके होते. दिवेलागणीला सरांचा बाण तिथे गेला तेव्हा नेत्रावती घाबरली. ठिपके म्हणजे गोळ्या. अवेळी गोळ्या मागतात म्हणजे कुठं तरी दुखत असणार. "छातीत दुखायलंय का? डोकं?" ती एकेका जागेला हात लावून विचारत सुटली. सर नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी तिने गोळ्यांचा डबा समोर धरला, तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्याही संध्याकाळी तेच. पूजा सकाळी अंघोळीनंतर उरकायची तेवढी उरकत होती. संध्याकाळचं बसणं मोडलं. त्यांचं मनच उडालं असेल, असं तिने ठरवलं. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं, की चला, तेवढ्यात भाकऱ्यांचं पीठ चाळून होईल. मग या हायसं वाटण्याचीच तिला शरम वाटली आणि ती आणखी दमली.

तिने मंजुनाथला फोन लावला. "पहिल्यासारखं कर बाबा. त्यांना ही चित्रं समजंनात. समजायचंच गेलंय त्यांचं."

"मामी, आता मागं जाता येत न्हाई," तो म्हणाला. "सगळेच बोंबलायलेत. पन होईल की सवय."

"सवय त्यांनी करायची का? असल्या दुखन्यात?" तिने फोन ठेवला. समजणंही गेलं, हे वाक्य आपण मोठ्याने बोललो, आणि सर शेजारच्याच खोलीत होते, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. लकव्यानंतर तिला कशाची खरी भीती होती, तर याचीच. शब्द गेले ते तिने सोसलं होतं. समजही गेली, तर त्या पलंगावर नुसतं शरीर उरणार होतं आणि ती घरात एकटी पडणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवशंकर आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता खताचं दुकान चालवणारा. त्याच्याही कॉम्प्युटरमध्ये ही नवी सिस्टिम आली होती आणि तो लॅपटॉप बगलेत मारून तणतणत आला होता.

"सर, ह्येला काय म्हनावं! आपली पिशवी चपटी केली. डबडी दिसंना. विभूती पुसली की हो सरळ! दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय आन् मी चित्रं हुडकायलोय."

"बाबा, त्यांना कामून सांगायलास?" नेत्रावती पडद्याआडून म्हणाली. "त्यांना ते उमगंना."

शिवशंकरने लॅपटॉप टेबलावर ठेवला होताच. तेवढ्यात त्यावर एक चौकट उमटली. नवं रूप कसं वाटलं, असं त्यात विचारलं होतं आणि खाली चेहरे होते, एक हसरा, एक गप्प, एक रडका. "रडक्यावर दाबा सर," शिवशंकर म्हणाला. "कळू द्या त्यांना."

सरांनी डावा हात पुढे केला. बाण सावकाश वर गेला आणि फुलीवर दाबून त्यांनी ती चौकटच बंद केली. मग बाण निळ्या चौकोनावर नेला. दाबला. आतून शिवशंकरच्या फाइली निघाल्या. एक नको असलेली फाइल त्यांनी ओढत नेली आणि काचेच्या पेल्यात टाकली. मग बाण कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर ठेवला, शिवशंकरकडे बघितलं, आणि दाबलं. यादी उघडली. जुनी, नेहमीची यादी.

"आरं तिच्या!" शिवशंकरने कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे विभूती हीच व्हय! रेघाच्या जागी ठिपके दिलेत नुसते. सर, तुमी क्लासात म्हनायचाव की, चित्राकडं बघू नगा, त्याच्या कामाकडं बघा म्हनून."

तो खुशीत निघून गेला. जाताना "येतो अक्का" म्हणाला, ते नेत्रावतीला ऐकूही गेलं नाही. ती पडदा हातात धरून उभी होती.

त्यांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. भूक लागली की ते पिशवीच दाखवत होते, आणि तिने उशा दिल्या. ते डबडी दाखवत होते, तिने पाणी पाजलं. ते संध्याकाळी, ये, बस, म्हणत होते, आणि तिने त्यांच्यापुढे गोळ्यांचा डबा धरला. अडाणी ती ठरली होती आणि फोनवर तिने सांगितलं काय, तर त्यांची समज गेली! एवढे दिवस हा माणूस ओल्या अंथरुणात पडून बायकोला धडा समजायची वाट बघत होता. एकदाही चिडला नव्हता. क्लासमध्येही कधी चिडायचा नाही.

तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. रडायलासुद्धा ताकद लागते, ती तिच्यात फार नव्हती, त्यामुळे ते लवकर थांबलं. मग ती पीठ चाळायला बसली, कारण उद्याच्या भाकऱ्या कुणी दुसरं थापणार नव्हतं.

दिवेलागणीला तिने पीठ तसंच ठेवलं. हात धुतले, दिवा लावला आणि पुढच्या खोलीत आली. बाण आज कोपऱ्यात गेलाच नव्हता. सर माउस सोडून पडले होते. फोनवरचं ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं, यात तिला आता शंका उरली नाही.

"उठा," ती म्हणाली. तिने त्यांना उशीला टेकवून बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, पाणी घातलं, पान वाहिलं. मग भस्म घेऊन त्यांच्या कपाळावर तीन बोटं ओढली. रेघा वाकड्या आल्या. तिने लिंग उचलून जागेवर ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं, पण या माणसापुढे माफी कशी मागतात ते तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

सरांनी डावा हात भस्माकडे नेला. बोटाला भस्म लागलं. त्यांनी तो हात तिच्या कपाळाशी आणला आणि एक ठिपका ठेवला. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा. मग हात खाली घेऊन ते तिच्याकडे बघत राहिले. एखाद्या पोराने उत्तर द्यायची वाट ते अशीच बघायचे, तिने पडद्याआडून किती तरी वेळा बघितलं होतं.

"विभूती," नेत्रावती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. त्यांचा हात पुन्हा माउसवर गेला, बाण काचेच्या पेल्यावर जाऊन थांबला, आणि ते थांबले.

"डबडी," ती म्हणाली. मग तिने कोपऱ्यातलं क्लासचं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसली. "व्हय, सर. म्होरचं दाखवा."