शंकरपटाच्या मैदानावर दुर्गाची जीप

बैलांच्या शर्यतीचं, म्हणजे शंकरपटाचं मैदान पावसाळ्यात कुणाच्याच कामाचं नसतं. खाली घट्ट मुरूम, वर बोटभर चिखलाची साय. माणूसही तिथून जपून चालतो. दुर्गानं नेमकं तेच निवडलं. मधोमध रिकामा निळा ड्रम उभा केला आणि त्याच्याभोवती आपली जुनी जीप मुद्दाम घसरवायला निघाली.

हे ‘मुद्दाम’ गावाच्या डोक्यात शिरेना. महिन्याआधी मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर हीच जीप आपोआप घसरून नालीत गेली होती. आत सोमारीबाई आणि तिची पोटुशी सून. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, सून मागून आलेल्या ट्रॅक्टरवर बसून दवाखान्यात पोचली, पोरगीही झाली. पण सोमारीनं नालीतून वर येता येता सांगून टाकलं, “आजपासून तुह्या गाडीत नाई बसत वं.”

सोमारी नाही म्हणाली की गाव नाही म्हणतं. तेव्हापासून तालुक्याला, वडशाला जाणारे लोक एसटीसाठी चार किलोमीटर चिखल तुडवतात आणि दुर्गाची जीप दारात उभी राहते. त्या वळणावर डांबर का नाही, हे कुणी विचारत नाही. स्टेअरिंगवर बाई का, हे सगळे विचारतात.

अन् ही बाई काही कालची नव्हे. तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, पुडे मोजता मोजता ट्रॅक्टर शिकली, अकरा वर्षं प्रवासी जीप चालवली. हसणाऱ्यांना तिनं एकदाच ऐकवलं होतं, “तुमच्या बायका माह्याच गाडीत बाळंतपणाले गेल्या, इसरू नका.” पण आत कुठंतरी तिलाही सलत होतं. त्या दिवशी गाडीचं मागचं अंग सुटलं तेव्हा काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेली गोष्ट तिला सहन होत नाही.

म्हणून तिनं वडशाचा गाड्यांचा मिस्त्री प्रफुल्ल याला गाठलं. त्यानं मोबाइलवर ड्रिफ्टिंग, म्हणजे घसरती गाडी ताब्यात ठेवणं, बघून बघून स्वतःच्या गाडीवर हात बसवला होता.

“तुह्या गाडीचा जोर मागच्या चाकात हाय ताई, हे बरं,” तो म्हणाला. “पहिल्या गिअरात ड्रमभोवती फिर. मंग एकदम एक्सलेटर दाब. शेपूट जिकडं पळते तिकडंच स्टेअरिंग फिरव. एक्सलेटर धरून ठेव. ड्रमकडं पाहू नको, जाचं तिकडं पाहा. अन् ब्रेकले पाय लावू नको.”

सगळं जमलं, शेवटचं सोडून. शेपूट सुटलं की पाय ब्रेकवर. सात वेळा केलं, सातही वेळा गाडी आडवी फिरून बंद पडली. तीनदा ड्रम लोळला.

“पायले समजाव ना ताई.”

“अकरा वर्सं जंगलात चालवली,” दुर्गा फणकारली. “चितळ आडवा येते, रानडुक्कर येते. ब्रेकवर पाय नसता तं आज तुह्याकडं शिकाले मी उरलीच नसती.”

मैदानाच्या कडेला सोमारी केव्हाची बसली होती. जंगलातून सात्या, म्हणजे पावसाळी अळंबी वेचून ती परतत होती. टोपली मांडीवर, डोळे जीपवर.

“काऊन वं दुर्गे, पडाचं शिकून राह्यली का?”

“घसराचं शिकून राह्यली, मावशी.”

“त्यात शिकाचं काय? धानाच्या रोवण्यात डोक्यावर रोपांचं ओझं घेऊन धुऱ्यावरून जातेस ना? पाय घसरला तं काय करतेस? तिथंच रोवून उभी राह्यतेस?”

“उभी राह्यली तं पडंन.”

“मंग?”

दुर्गानं आपल्या पायांकडं पाहिलं. शेताच्या ओल्या बांधावर घसरलेला पाय जाऊ द्यायचा, मान पुढं ठेवायची, चालणं मोडायचं नाही. हे तिला सात वर्षांची असल्यापासून येत होतं. तिनं चपला काढून प्रफुल्लच्या हाती दिल्या आणि अनवाणी पाय एक्सलेटरवर ठेवला.

शेपूट सुटलं. पाय ब्रेककडं उचलला, अर्ध्यातून परत आला. स्टेअरिंग फिरलं, चिखलाचा पंखा उडाला आणि जीप तिरपीच्या तिरपी ड्रमला वळसा घालून गेली. अर्धा, मग पुरा. ड्रम उभाच.

प्रफुल्लच्या शर्टावर चिखल उडाला होता. तो चपला पोटाशी धरून हसत होता.

सोमारी उठली, लुगडं झटकलं आणि जीपचं पुढचं दार ओढलं. “घरी चाल. सात्या सुकून राह्यल्या. पण हे नाचणं इथंच ठेव.”

“रस्त्यावर कोण नाचते मावशी?”

मोहाच्या वळणावर दुर्गा बैलगाडीच्या चालीनं गेली. मागचं चाक जरासं सरकलं, तिनं स्टेअरिंग जरासं तिकडंच फिरवलं, ते जागेवर आलं. सोमारीचा एक हात टोपलीवर, दुसरा समोरच्या दांड्यावर आवळलेला. वळण मागं पडलं तरी दांड्यावरचा हात सुटला नाही. तो सुटला गावात, भर चौकात, आणि सगळ्यांदेखत सोमारी दुर्गाच्या जीपमधून उतरली.