सांगून वाकणारी पहार

"आधी मोडून बघ, मग घे." काकू हे इतक्या वेळा म्हणायची, की ती लांबून येताना दिसली की लोखंडवाला हातातला चहा खाली ठेवून उभा राहायचा.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ओहोटी लागली की खडकांवर जायचं, दगड उलथायचे, त्यांना चिकटलेली कालवं सोडवायची आणि भरती यायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन परतायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका हेच करतात. मीही करते. या कामाला हत्यारं लागतात ती दोनच, उचकटायला पहार आणि कापायला सुरी. पण ती काकूनं निवडून दिल्याशिवाय कुणी हातात धरत नसे. पोरं तिला मागून उचकटकाकू म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

तिची खरेदी बघायला मी मुद्दाम सोबत जायचे. दुकान पत्र्याचं, बस थांब्यामागच्या गल्लीत. आत शिरलं की तेलाचा आणि गंजाचा वास नाकात बसायचा. दर्शनी बाजूला चकचकीत सुऱ्या टांगलेल्या असत. काकू त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती सरळ कोपऱ्यातल्या ढिगापाशी फतकल मारून बसायची. सुरी हातात घेतली की लोक धार बघतात. काकू आधी मुठीचं मागचं टोक बघायची. पात्याचं पोलाद मुठीतून आरपार, पार शेवटापर्यंत आलेलं दिसलं तर ठीक. नाहीतर, "हिचं पोलाद मुठीत शिरलं आणि तिथंच झोपलं," म्हणून सुरी परत ढिगात. मग लोखंडवाल्याच्या पिण्याच्या पाण्यात बेधडक हात बुडवून ती ओल्या हातानं मूठ आवळून बघायची. सटकली की तीही ढिगात. न गंजणारी म्हणून विकतात ती स्वस्त, पातळ पाती तिला नको असायची. "गंज दिसतो, म्हणून पुसता येतो," ती म्हणायची. "मऊपणा दिसत नाही." घरी आली की रोज गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ती सुरी चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवायची. साध्या पोलादाची तिची सुरी माझ्या वयाहून जुनी होती.

एकदा जुनी पहार झिजून आखूड झाली म्हणून आम्ही नवी घ्यायला गेलो. लोखंडवाल्यानं एक काळी, जाडजूड पहार तिच्यापुढे ठेवली.

"काकू, ही न्या. एकदम कडक माल. कधी वाकणार नाही."

"मग मोडेल."

"अहो, मोडेल कशी? जाडी तरी बघा!"

"जाड तर तूही आहेस. परवा गोणी उचलताना कंबर धरून बसलास ना?"

काकूनं ढिगातून एक बारीक पहार ओढून काढली. ट्रकच्या सांगाड्याखाली कमानीच्या पट्ट्या असतात, त्यातलीच एक जुनी पट्टी ठोकून केलेली. दिसायला अगदी गरीब. काकूनं तिचं टोक दुकानाच्या दगडी पायरीखाली सारलं आणि दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकलं. पहार धनुष्यासारखी वाकली. तिच्यातून एक बारीक गुणगुण निघाली, ती मला तळपायांत जाणवली. काकूनं भार काढला तशी पहार सरळ झाली, जसं काही झालंच नाही.

"काकू, माझी पायरी!" लोखंडवाला ओरडला.

"पायरी बसव परत. आणि हिला दोरी बांधून दे."

वाटेत मी विचारलं, "त्या जाडीत काय वाईट होतं गं?"

"तिला पाणी जास्त दिलंय. तापवून बुडवताना लोभ केला की पोलाद काचेसारखं होतं. ते न सांगता मोडतं. हिचं तसं नाही. ही थकली की आधी वाकते, हाताला कळवते, बाई थांब. जे सांगतं त्याच्याशी संसार होतो."

त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेलं. त्याच पहारीवर पुढे माझ्या वहिनीचा जीव टांगणीला लागणार होता, हे कुणाला ठाऊक होतं?

वहिनी म्हणजे काकूची सून. शहरातून आलेली, तिखट आणि कामाला वाघीण. सासूनं निवडलेली सुरी वापरायची नाही, हा तिचा हट्ट होता. माहेरून येताना तिनं एक घडीचा चाकू आणला होता, लाल मुठीचा, आत कात्री, करवत, पेचकस आणि आणखी काय काय.

"आई, यात कात्रीसुद्धा आहे," ती मिरवायची.

"आण की मग खडकावर. कालवांची हजामत करू."

"करा चेष्टा. तुम्ही सगळी दुनिया पहारीनं उचकटा, माझं मी बघते."

"बघ बाई. फक्त सुरीनं उचकटू नकोस, एवढं ऐक. बाकी त्या सात पात्यांनी सत्तर कामं कर."

सासू-सुनेचं हे रोजचंच होतं. त्याशिवाय दोघींनाही जेवण गोड लागत नसे.

त्या सकाळी समुद्र फार लांब मागे गेला होता. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते, आणि त्यांच्यावर कालवांचे जाड थर. आम्ही हरखून गेलो. उशिरापर्यंत कुणाची मान वर झाली नाही. पाणी वळल्याचं काकूनं सांगितलं तेव्हा बायका परतायला लागल्या, पण वहिनीला एका कलत्या दगडामागे मोठा झुबका दिसला होता. पहार मागायला सासूकडे कोण जाणार? तिनं चाकू उघडला, पातं फटीत घातलं आणि जोर लावला.

पातं तुटल्याचा आवाज काडी मोडावी तेवढाच झाला. पण वहिनी सगळ्या अंगानिशी मागे गेली, तिचा पाय दोन खडकांमधल्या फटीत उतरला, आणि ज्याला ती रेटत होती तो कलता दगड सरकून तिच्या घोट्यावर येऊन बसला.

आम्ही धावलो. सगळ्याजणींनी मिळून दगड ढकलला. तो जागचा हलला नाही. आमच्या झिजलेल्या, आखूड पहारी त्याच्याखाली पोचतही नव्हत्या. वहिनी खडकात बसल्यासारखी अडकली होती आणि पाणी फटींमधून बुडबुडत वर येत होतं. एक बाई माणसं बोलवायला वस्तीकडे पळाली. पण वस्ती किती लांब आणि भरती किती जवळ, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. माणसं यायच्या आधी पाणी वहिनीच्या डोक्यावरून जाणार होतं.

काकूनं पहार दगडाखाली घातली आणि भार टाकला. पहार वाकली. आणखी वाकली. तीच गुणगुण उमटली. दगड तसाच. आणि काकूनं भार काढून घेतला.

"काकू, जोर लावा ना!" बायका ओरडल्या. "आम्ही पण धरतो!"

"सरा मागं. पहार थांब म्हणतेय. आता जोर केला तर मोडेल, आणि मोडली तर माझ्याकडे दुसरी नाही."

"मग करायचं काय?"

"पाण्याची वाट बघायची."

मला वाटलं, भीतीनं तिचं डोकं फिरलं. जे पाणी वहिनीला गिळायला येत होतं, त्याचीच ही वाट बघणार! ती पहारीशी उकिडवी बसली आणि हाताला लागतील ते चपटे दगड गोळा करून माझ्या ओंजळीत देत राहिली. पाणी वहिनीच्या कमरेला आलं, मग छातीला.

"आई," वहिनीचे दात वाजत होते, "मला सोडून जाऊ नका."

"कुठं जाऊ? घरी भांडायला दुसरं कोण आहे मला?" काकूचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे बघ, विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी लागते की नाही? पाण्याबाहेर आली की हात तोडते. दगडाचंही तसंच आहे. त्याला पुरता बुडू दे. मग तो तुझ्या सासूचं ऐकेल."

मी वहिनीची हनुवटी वर धरली. पाणी तिच्या गळ्याशी आलं. दगड दिसेनासा झाला, त्याच्यावरून पहिली लाट सरळ पुढे गेली. काकूचे डोळे समुद्रावर होते. एक लाट तिनं जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. तिसरी दगडाला बगल देऊन खालून फुगत वर आली, आणि त्याच घटकेला काकू पहारीवर ओणवी झाली.

दगड उचलला. बोटभर, फार नाही. "सार!" ती म्हणाली, आणि मी पाण्यात बुडी मारून चपटा दगड फटीत सारला. वर आले तो ती पुढच्या लाटेची वाट बघत होती. पुन्हा लाट, पुन्हा बोटभर, पुन्हा मी खाली. समुद्र उचलत होता, पहार धरत होती, आणि म्हातारी दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांना वेळ सांगत होती. एवढा अफाट समुद्र, आणि मला तो तिच्या हाताखाली काम करताना दिसला. मी त्यापूर्वी तसं काही पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

वहिनीचा पाय सुटला तेव्हा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. आम्ही तिला ओढत, पोहत, ठेचकाळत वाळूवर आणलं. पाय काळानिळा पडला होता, पण बोटं हलत होती. काकूनं एकेक बोट दाबून वहिनीला विचारलं, "कळतंय?" प्रत्येक बोटाला वहिनी "हो" म्हणाली. शेवटच्या बोटाला हो म्हणताना तिला रडू फुटलं.

मग काकूनं पहार डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या अंगावरून नजर फिरवली. मधोमध बारीकसा बाक राहिला होता. यावेळी ती पुरती सरळ झाली नव्हती.

"दमली," काकू म्हणाली. तिनं पहार वहिनीशेजारी वाळूवर ठेवली, तान्ह्या पोराला ठेवावं तशी.

"आई, तुम्ही बसा जरा," वहिनी म्हणाली. "हात किती सोललेत तुमचे."

"सोललेत तर सोललेत. त्या पायावर तू चालणार आहेस का? जेटीपलीकडच्या बर्फाच्या कारखान्यातून हातगाडी घेऊन येते. तोवर पाय उंच ठेव. आणि हिला चहा पाजा कुणीतरी."

माणसं येतच होती, हातगाडी त्यांनाही आणता आली असती. पण तिला ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. ती ओल्या कपड्यांनी, रिकाम्या हातांनी निघाली. भरतीनं वाळूचा पट्टा अरुंद केला होता. ती पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिली, लाट पायाशी आली तरी बाजूला न होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली वहिनी कोपरावर उठली आणि बघत राहिली, काकू जेटीच्या भिंतीमागे दिसेनाशी होईपर्यंत.