छी-साहेबांची तार

चुकीचं काम दिसलं की आधी त्यांचं नाक आक्रसायचं आणि मग तोंडातून "छी" निघायचं. रामदासपेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात नेटवर्क त्यांच्याकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली. छी-साहेब हे नाव त्यांना कुणी दिलं ते माहीत नाही. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी दिसली तेव्हा त्यांनी कंत्राटदाराच्या माणसाच्या हातात फडकं दिलं आणि पुसून होईपर्यंत समोर उभे राहिले.

त्याच कंत्राटदाराने आम्हाला दोन राउटर बसवून दिले होते. एक बंद पडला की दुसरा काम उचलणार, म्हणून संचालक खूश. साहेबांना मात्र त्या दुसऱ्याची शिसारी होती. नुसता बसून असतो म्हणून ते त्याला जावई म्हणत. हॉस्पिटलातली सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्याने बोलतात. आतल्या कोणाचं बाहेर कोणाशी चाललंय याची नोंद पहिल्याकडे असे, जावयाची पाटी कोरी. त्यामुळे पहिला बंद पडून काम जावयाकडे गेलं की खेड्यातल्या पेशंटशी चाललेला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल मधेच तुटायचा. "बिमार माणूस दुखणं सांगून राहिला, अन् आपण त्याच्या तोंडावर दार लावतो," असं ते संचालकांना तोंडावर म्हणाले होते.

मग त्यांनी दोघांमध्ये एक तार टाकली, पहिल्याची प्रत्येक नोंद तिच्यातून लगेच दुसऱ्याकडे जावी म्हणून. तरी जावई रिकामाच. त्या नोंदींना दोन्हीकडे सारखाच क्रमांक दिला तरच त्या जुळतात, कंत्राटदाराने वेगवेगळे ठेवले होते. नाक आक्रसून साहेबांनी तेही निस्तरलं आणि कॉल चालू असताना पहिल्या राउटरची वीजच काढली. पडद्यावरची म्हातारी गुडघ्याबद्दल बोलत होती, ती बोलतच राहिली. साहेब हसले.

पुढे ते निवृत्त होऊन प्रताप नगरला घरी बसले. इकडे संचालकांना केबिनमध्ये मोठा टीव्ही हवा झाला. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने राउटरांमधली तार काढून तिची राउटरवरची जागा टीव्हीला दिली. मी भांडलो. कॉल तुटला तर पेशंट पुन्हा लावेल, असं उत्तर मिळालं. किळस आली मला त्या उत्तराची.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"डॉक्टर व्हिडिओवर माह्या छातीचं सांगून राहिले होते, मधातच तुटलं. तार कोनं काढली गा?"

मी सांगितलं. कॉल पुन्हा लागला का, तेही विचारलं.

"लागला ना, तिसऱ्यांदा. मले लावता येते. खेड्यातल्या बाईले कोन लावून देईन?"

त्याच आठवड्यात ते गेले.

हॉस्पिटलच्या सभागृहात शोकसभा झाली. साहेबांनी उभी केलेली व्यवस्था आजही जशीच्या तशी चालू आहे, असं संचालकांनी सांगितलं. मी उठलो, जिना चढून सर्व्हर रूममध्ये गेलो, संचालकांच्या टीव्हीची जोडणी उपटली आणि दोन राउटरांमध्ये तार पुन्हा लावली. खाली संचालक अजून बोलतच होते.