टोपलीखालचा लघुग्रह

राइस मिलमधला कोंडा कितीही उपसा, संध्याकाळी ढीग तेवढाच. ताईच्या लॅबचे किस्से तसेच. ती गेली, आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक नवा किस्सा टाकून जातो.

काम सरळ होतं. ताई दगड कुटून पूड करायची, पुडीवर उजेड टाकायची, परत आलेल्या उजेडाची रेघ कॉम्प्युटरवर उमटायची. दुर्बिणीवाल्यांनी लघुग्रहाच्या उजेडाचीही अशीच रेघ काढलेली. दोन्ही जुळल्या की कळतं, तो कसल्या दगडाचा आहे. ताईने एकच लघुग्रह धरला होता. त्याची रेघ काही जुळत नव्हती.

*

आमच्या गावात, नागऱ्यात, बातमी पसरली की पोरगी दगडातलं सोनं ओळखते. एक काका पिशवीभर दगड घेऊन थेट लॅबमध्ये. ताई म्हणाली, सोनं नाही, पण असला दगड आभाळातही आहे.

"मंग तिथं भाव काय चालून रायला?"

*

एकदा मी मदत म्हणून आईच्या खलबत्त्यात दगड कुटून दिला. रेघेत भलताच खड्डा आला. ताईच्या गाइड मॅडम हरखल्या, काहीतरी नवं सापडलं! ताईने पूड हुंगली.

"बाबू, तुह्या लघुग्रहावर हळद पिकून रायली."

*

पावसाळ्यात प्रत्येक दगडाच्या रेघेत पाणी दिसायचं. गोंदियाची हवाच ती. म्हणून ताई पूड भट्टीत वाळवून मगच उजेडाखाली ठेवायची. शेवटची पूड तिने बाटलीत भरली, आणि मोजायच्या आधीच तापाने तिला नेलं. बाटली तिच्या बॅगेत राहिली.

*

दहाव्याला आमच्याकडे थाळीत तांदळाचं पीठ पसरून टोपलीखाली ठेवतात. सकाळी त्यात खूण उमटते, चिमणीचा पाय, गाईचा खूर. गेलेलं माणूस कुठं पोचलं ते त्यावरून कळतं.

पीठ हातात घेतलं आणि माझं डोकं फिरलं. ताईसाठी तांदळाचं पीठ? मी बाटलीतली पूड पसरली.

सकाळी टोपली उचलली. पूड सपाट. बाया कुजबुजल्या, पोरगी कुठं पोचलीच नाही. आईने टोपली परत थाळीवर झाकली.

तेवढ्यात मॅडम आल्या, बाटली मागायला. मी थाळी दाखवली. त्यांनी कागदाने पूड गोळा केली, आणि मला अन् आईला गाडीत बसवलं.

लॅबमध्ये त्यांनी पूड पुन्हा वाळवली, उजेडाखाली ठेवली. स्क्रीनवर लघुग्रहाची काळी रेघ होती. ताईची लाल रेघ तिच्यावरून सरकत गेली, खड्ड्यात खड्डा, चढावर चढ, पार शेवटपर्यंत. काळी दिसेनाशी झाली.

मॅडम रडायला लागल्या. आईने पदर खोचला.

"हे आभाळातलंच होय ना?"

"हो."

आई माझ्याकडे वळली. "जाय, सांग त्या बायायले. पोचली म्हणा."