शेपटीखालची नाडी

गेल्या आठवड्यात डोकं फिरलं माझं. अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहितेय…

शिरूर तालुक्यातल्या एका गावची यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे चढाची धावपट्टी, आणि भर दुपार. मी जनावरांची डॉक्टर, दौंडहून तिथे ड्युटीला गेलेले. खुटबावच्या एका आप्पांचा बैल, तुफान, घाट पळून आला आणि जू काढल्याबरोबर आडवा झाला.

मी पोचेपर्यंत ही गर्दी! मोबाईल सगळ्यांचे वर, पाण्याची बादली एकाच्याही हातात नाही. आप्पांचे साडू पुण्यात वॉर्डबॉय आहेत. ते तुफानचा पुढचा पाय माणसाचं मनगट धरावं तसा धरून बसलेले. "नाडीच लागंना मॅडम. संपला ह्यो."

अहो, पण बैलाची नाडी तिथे बघतं का कोणी? घोड्याची जबड्याखाली, कुत्र्याची मांडीच्या आत… आणि बैलाची शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला. धमनी जिथे कातडीजवळ येते तिथे ठोका लागतो, आणि ती जागा प्रत्येकाची वेगळी.

माहीत नसतं एखाद्याला, त्याचा राग नाही. राग याचा, की नाडी लागली नाही म्हटल्यावर सगळ्यांनी हातच काढून घेतले. छाती हलत होती हो त्याची! तरी गळ्यातली घुंगरमाळ काढलेली, आणि कुणा दीडशहाण्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं स्टेटससुद्धा टाकलेलं…

मी शेपटी उचलून बोटं लावली. ठोका बारीक होता, नुसता पळत होता, पण होता. बाजूला रडत बसलेल्या आप्पांचा हात ओढला आणि त्यांची बोटं तिथे दाबली.

"व्हय… व्हय की! चालूय!" आप्पा ओरडलेच.

मग माझं तोंड जे सुटलं… सावली करायला लावली, आडवा पडलेला बैल छातीवर बसता करवला, अंगावर पाणी ओतायला लावलं. मानेच्या शिरेतून सलाईन लावलं आणि बाटली धरायला साडूंनाच उभं केलं. ऊन उतरल्यावर तुफान उठला.

आज सकाळी आप्पांचा फोन आला. "मॅडम, रोज उठलं की आधी शेपटीखाली बोट लावून बघतो. मगच च्या पितो."

राग तसाच आहे माझा. पण आप्पा, ह्या फोनबद्दल थँक्यू… आणि ते स्टेटस टाकणारा कोण, तेवढं सांगा.