सात देवांचा वैमानिक

मामा गेल्याचं मामीने फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आता दीड महिना होत आला... नीट बोलायला अजून जमलेलं नाही.

नागभीडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मामांनी एकच ध्यास घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात गडचिरोलीच्या जंगलात एक विमान कोसळलं होतं. त्याचा वैमानिक कुठे पुरला आहे ते शोधायचं. इंग्लंडमधली त्याची म्हातारी पुतणी काकाच्या अस्थी घरी न्यायची आस धरून होती आणि मामांनी तिला शब्द दिला होता. छातीचं दुखणं वाढलं तरी ते फिरत राहिले. गेल्या हिवाळ्यात जागा सापडली, तेव्हा मला म्हणाले, "तुले इंग्रजी येते ना? चाल मंग. घरी तं तोंड उघडत नाई, तिथी तरी उघड."

टेकडीवर सागाखाली गंजके पत्रे पडले होते. खाली गावाच्या मसणात दगडांची रांग होती. गावातल्या मडावीभाऊंनी त्यातल्या एका दगडावर हात ठेवला. गोंडांमध्ये कुळ ओळखतात ते देवांच्या संख्येवरून; देव सारखे असले की भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. ते कळल्याशिवाय मेलेल्याला ठेवायचं कुठे? म्हणून त्यांच्या वडिलांनी या परक्याला आपले सात देव दिले आणि आपल्याच माणसांत पुरला.

"म्हणजे तुमचा कोण लागते तो?" मामांनी विचारलं.

"काका. नवं धान आलं का त्यालेबी ठेवतो. तुमी नेलं तं आमच्यातला एक कमी होईल, गुरुजी."

मामा धापा टाकत खाली बसले. पुतणीला फोन लावून माझ्या हातात दिला. "हे म्हनते तसंच सांग. माह्या शब्दाचं मधात आनू नको."

मी अडखळत सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, राहू दे त्याला तिथेच.

"तुमची बहीण राहू द्या म्हनते," मामांनी मडावीभाऊंना कळवलं.

"बहीणच ना! मंग तिचेबी सात देव. आमच्यात कोनाशी लगन जमनार नाई म्हना तिले."

"ऐंशीच्या बाईले?" मामा खोकला येईपर्यंत हसले.

परवा मी मामीकडे असताना बाईंचा फोन आला. मामा गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, कुठे ठेवलंत त्यांना? राख वैनगंगेत सोडली, मी म्हणाले. "म्हणजे जागा नाही?"

मी कॅमेरा सुरू केला. व्हरांड्यात मामांचे कापडी बूट आहेत, टेकडीची तांबडी माती लागलेले. मामी कोणाला ते धुऊ देत नाही. बाई बघत राहिल्या. मीही फोन तसाच धरून ठेवला.