टेबल सहाचं गरम जेवण

टेबल सहावरच्या बाईंनी आमच्या नीलेशच्या हातातून वाढायचा चमचा काढून घेतला, तेव्हा मी बिलिंग काउंटरवर उभी होते. ओढून नाही घेतला. "द्या इकडं, मी वाढतो," म्हणून घरच्यासारखा घेतला. भाजलेल्या चीजखालची गरम भाजी नवऱ्याच्या प्लेटमध्ये वाढली, वर आणखी एक चमचा टाकला. उरलेल्या भाजीवर झाकायला काही सापडेना, तर आपलीच कोरी प्लेट भांड्यावर पालथी घातली. आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

नीलेश माझ्याकडे आला. "मॅडम, त्या काकूंनी माझी ड्युटीच घेतली."

आमच्याकडे वेटर भांडं घेऊन टेबलाशी उभा राहतो आणि प्रत्येकाला वाढतो. वाशिमसारख्या गावात काचेच्या दाराचं, मंद दिव्यांचं बेकरी-रेस्टॉरंट चालवायचं म्हणजे असले थाट करावे लागतात. एरवी मी म्हटलं असतं, गिऱ्हाईकाला वाढायची हौस आहे तर वाढू दे, आपलं काय जातं. पण या टेबलाला मी शब्द देऊन बसले होते.

आदल्या दिवशी दुपारी त्या बाईंचे मिस्टर आले होते. सुभाषराव, केनवडचे, हळद आणि सोयाबीनवाले. पुतण्याचा केक न्यायला आले आणि काउंटरपाशी रेंगाळले.

"मॅडम, उद्या दोघाइचं टेबल भेटन का? आमच्या मंडळीचा वाढदिवस हाय."

"भेटेल की. काय बनवू?"

"ते तुमी ठरवा. माहं एकच काम करा. तिनं माह्यासंग बसून गरम जेवलं पाह्यजे."

"आमच्याकडे सगळं गरमच येतं."

"तुमचं येईन हो. तिच्या पोटात गरम जाते का, ते पाहा."

मग त्यांनी सांगितलं. घरात आधी म्हातारे वडील जेवतात, मग पोरं, मग सुभाषराव, मग शेतातला गडी. सगळ्यांचं आटोपलं की त्यांची बायको, वंदनाबाई, बसणार, तेही उरलंसुरलं घेऊन. गेल्या महिन्यात चूल आवरता आवरता चक्कर येऊन पडल्या. सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की बाई वेळेवर आणि नीट जेवत नाही, दुसरं काही झालेलं नाही.

"लय सांगून पाह्यलं मॅडम. हो म्हनते आन् पोळी टाकाले उठते. अठी तर चूल नाई ना. अठी कशी उठते, पाहू."

मी हसले. बारा वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, नागपुरात मोठमोठ्या पार्ट्या काढल्यात. दोन माणसांना गरम जेवू घालणं म्हणजे काय मोठं काम? "निर्धास्त या," म्हणाले.

आता पाहा काय झालं. सूप आलं. बाईंनी नवऱ्याचं सूप चमच्यानं ढवळून निववलं, मीठ चाखायला लावलं, त्यांनी पिऊन टाकेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तोवर बाईंच्या स्वतःच्या वाटीवर साय धरली. मग लसूण लावलेला पाव आला. तो त्यांनी तुकडे करकरून नवऱ्याच्या पुढ्यात सारला. आणि आता ही भाजी. सुभाषराव माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात तक्रार नव्हती, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी किचनमध्ये गेले. "शकीलभाई, सहा नंबरचा पास्ता प्लेटेड करा."

प्लेटेड म्हणजे किचनमधूनच प्रत्येकाची प्लेट भरून जाते. भांडं नाही, चमचा नाही, वाढायला काही शिल्लकच नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

दोन भरलेल्या प्लेटा गेल्या. बाईंनी काटा हातात घेतला. मी सुटकेचा निःश्वास सोडते न सोडते, तोच त्यांनी आपल्या प्लेटमधला अर्धा पास्ता उचलून नवऱ्याच्या प्लेटमध्ये घातला.

"यायले आवडून राह्यला," त्या नीलेशला म्हणाल्या. सुभाषरावांनी अजून एक घासही खाल्ला नव्हता.

मग मी जरा डोकं चालवलं. शकीलभाईंना म्हटलं, छोटा पिझ्झा काढा आणि फक्त बाईंना पाठवा. साहेबांचा मागून येतोय म्हणून सांगा. समोरच्याची प्लेट यायची असेल तर आपण चाखायला तरी सुरुवात करतोच ना! पिझ्झा टेबलावर टेकला आणि त्याच वेगानं समोर सरकला. नीलेशला हसू आवरेना. मी त्याला डोळे वटारून पाण्याचे ग्लास भरायला पिटाळलं.

एवढ्यात मालक आले. "सहा नंबरला काय प्रॉब्लेम?"

"गिऱ्हाईक गिऱ्हाईकाला वाढतंय."

"मग बरंय की. आपला एक माणूस मोकळा झाला."

मालक माणूस चांगला आहे, पण त्यांच्याशी अशा वेळी बोलण्यात अर्थ नसतो.

शेवटी मी स्वतः टेबलापाशी गेले. मी मूळची कामरगावची. शिक्षण पुण्यात झालं तरी वैताग आला की तोंडातून वऱ्हाडीच निघते.

"ताई, वाढदिवस तुमचा हाय ना? मंग तुमी काहून नाई जेवून राह्यल्या? आवडलं नाई का?"

"नाई ओ, वास तर लय मस्त येऊन राह्यला." त्या ओशाळल्या. "पन यायचं होऊ द्या पयले. कोनी समोर बसलं असलं का मले पयले घासच उतरत नाई."

"म्हणजे तुमी कधीच कोणाच्या आधी जेवत नाई?"

"असं कसं? भंडाऱ्यात जेवतो ना पंगतीत." बाईंचा चेहरा एकदम खुलला. "रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तठी बायाची पंगत बसते आन् मानसं वाढतेत. तठी कायले लाजू? पोटभर जेवतो. आन् वाढाले तर हेच असतेत. आमच्या गावात यायच्यासारखा वाढपी नाई."

सुभाषराव बायकोकडे बघत राहिले. मग खुर्ची मागे सरली.

"द्या मॅडम तो चमचा."

आता नियम सांगते. गिऱ्हाईकानं किचनचं गरम भांडं हातात घ्यायचं नाही. सांडलं, भाजलं, तर सगळं आमच्या अंगावर येतं. मालक काउंटरवरून बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि शकीलभाईंना ताजी भाजी काढायला सांगितली. सुभाषरावांना हात धुवायला लावले, धरायला जाड फडकं दिलं. दुसरं फडकं त्यांनी मागून घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

हॉलमध्ये आले ते निराळेच. कालचा तो काउंटरला खेटून बोलणारा माणूस कुठल्या कुठे गेला. कमरेत जरा वाकून, भांडं डाव्या हातावर तोलून, हलक्या आवाजात, "भाजी घ्या, भाजी, भाजी..."

वंदनाबाईंनी हसत हसत पदर सावरला. पालथी घातलेली प्लेट सरळ केली आणि ताठ बसल्या. एक चमचा पडला. दुसरा पडायच्या आत त्यांनी प्लेटवर हात आडवा धरला.

"बस, बस."

"बस कायचं? घ्या बाई, लाजू नका." बोटांच्या फटीतून त्यांनी दुसरा चमचा सोडलाच.

आणि बाई जेवल्या. काटा बाजूला ठेवून हातानं. पहिल्याच घासाला जीभ पोळली. "आई वं, पोयलं!" म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून फुंकर घालत पुन्हा खायला लागल्या. चीजची तार लांबत गेली, ती त्यांनी बोटाला गुंडाळली. पाव गरम आला, तोही खाल्ला. सुभाषराव समोर उभे राहून आग्रह करत होते आणि त्या मान खाली घालून जेवत होत्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नागपुरात पाचशे माणसांचं लग्न बिनबोभाट काढलं होतं, तेव्हाही झाला नव्हता.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ नातवंडांसोबत बसले होते. त्यांनी आपली प्लेट पुढे केली. "पाव्हणे, इकडंबी या जरा." सवयीप्रमाणे सुभाषराव तिकडेही वाढून आले. ती भाजी कुणाच्या बिलात धरायची, यावरून मालकांचं आणि माझं नंतर वाजलं, ते सोडा.

बाईंचं झालं. त्यांनी ढेकर दिली, मग आपण कुठे आहोत हे आठवून तोंडाला पदर लावला. सुभाषराव खांद्यावरचं फडकं काढून खुर्चीत बसले. त्यांच्यापुढे मघाचा दोघांचा पास्ता होता, थिजून गोळा झालेला. भाजीवरचं चीज तर रबर झालं होतं.

"द्या, नवीन करून आणते," मी प्लेटला हात लावला.

"नाई, राहू द्या."

"अहो, थंड झालंय सगळं."

"म्हनूनच तं म्हनतो, राहू द्या."

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग बायकोकडे पाहून म्हणाले, "बेकार लागते ना वं हे."

वंदनाबाई केकची वाट पाहत होत्या. त्यांनी अगदी सहज सांगितलं, "सवय होते."

सुभाषरावांचा हात थांबला. खाली मान घालून त्यांनी प्लेट शेवटपर्यंत संपवली. केक आला तेव्हा पहिला तुकडा कोणी कोणाला भरवायचा यावर त्यांची ओढाताण झाली. या वेळी बाई हरल्या.

नवीन स्टाफ आला की मी त्यांना सांगते, प्लेट गरम पाठवणं हे किचनचं काम. ती गरम आहे तोवर कोण खातंय, हे बघणं आपलं. पोरं दोन दिवसांत शिकतात. माझ्या घरी नवऱ्यालाही शिकवायला घेतलंय. त्याचं ट्रेनिंग अजून चालू आहे.